विमानाला दोन बोटं जास्त

आमच्या तंजावुरात लग्नाला गेलं की पंगतीत शेजारी बसलेला माणूस मला दोन प्रश्न विचारतो. पहिला, "मुलगा अमेरिकेत कुठे असतो?" मला मुलगा नाही. एक मुलगी आहे, ती तिरुचीला दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे हा प्रश्न लवकर मिटतो. दुसरा प्रश्न मिटत नाही. "तुम्ही लढाऊ विमानं बनवता म्हणे. वर्षाला किती बनवता?"

हा प्रश्न मला परदेशी माणसांनी विचारला आहे, साहेबांनी विचारला आहे, आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याने विचारला आहे. खरं उत्तर द्यायला मला एकदाच फार जड गेलं, आणि संपादकमहाशय, दिवाळी अंकासाठी तुम्ही आठवणी मागितल्या आहेत, तर तीच लिहितो. बाकी माझी नोकरी कधी लागली, बढती कधी हुकली, हे माझ्या बायकोलाही ऐकवत नाही.

आधी माझ्या मराठीबद्दल. आम्ही राजवाड्यामागच्या गल्लीतले. घरात मराठी, दारात तमिळ, कचेरीत इंग्रजी. लहानपणी मला देवनागरी येत नव्हती. महाराष्ट्रात विमानाच्या कारखान्यात तपासनीस म्हणून लागलो तेव्हा "मजला ठाऊक नाही" असं म्हटलं की अख्खा विभाग काम थांबवून हसायचा. चौतीस वर्षं त्यांच्यात राहून मी त्यांच्यासारखं बोलायला आणि लिहायला शिकलो. परत आलो तर इतकी वर्षं गावीच राहिलेली माझी बायको पद्मावती म्हणाली, "हें काय बोलतां? रेडियोसारिखें." तिला देवनागरी वाचता येत नाही, त्यामुळे हा लेख मी तिला वाचून दाखवणार आहे. तिच्या चुका काढून झाल्या की पोस्टात टाकेन.

तपासनीस म्हणजे काय तर दुसऱ्याचं काम बघून तोंड वाकडं करणारा पगारी माणूस. त्याच्याकडे एक शिक्का असतो, हरभऱ्याच्या दाण्याएवढा गोल, आत नंबर. तो शिक्का कागदावर उठला म्हणजे हे काम मी डोळ्यांनी पाहिलं, ठीक आहे. विमानाच्या प्रत्येक तुकड्यामागे असा कुणाचा ना कुणाचा शिक्का असतो. मोठ्या कारखान्यात माझा नंबर दोनशे एकोणीस होता. निवृत्त होऊन गावी आलो आणि ज्ञानशेखरन यांच्या शेडमध्ये लागलो, तिथे मी एकटाच तपासनीस, म्हणून एक नंबर. आयुष्यात पहिल्यांदा माझा पहिला नंबर आला तो असा.

ज्ञानशेखरन म्हणजे आमचे मुदलाळी, मालक. पूर्वी भाताच्या गिरण्यांच्या मोटारी दुरुस्त करायचे. तिरुवैयारुच्या रस्त्यावर कालव्याला लागून त्यांचं भाताचं गोदाम होतं. ते साफ करून, रंग देऊन, एसी बसवून त्यांनी तिथे देशी लढाऊ विमानाच्या तारांच्या जुड्या बनवायचं काम मोठ्या कंपनीकडून मिळवलं. कसं मिळवलं ते मी विचारलं नाही. माणूस गोड. कुणालाही नाही म्हणणं त्यांच्या तोंडून निघतच नाही, आणि पुढचं सगळं त्यामुळेच झालं.

जुडी म्हणजे काय ते सांगतो. विमानाच्या अंगातून हजारो तारा जातात. त्या मोकळ्या सोडल्या तर हादऱ्याने एकमेकींवर घासून झिजतात. म्हणून एका वाटेने जाणाऱ्या सगळ्या तारा एकत्र घेऊन मेणाच्या दोऱ्याने ठरावीक अंतरावर गाठी मारत बांधतात. मोठ्या लाकडी फळ्यावर जुडीचं खऱ्या मापाचं चित्र चिकटवलेलं असतं, वळणावर खिळे ठोकलेले असतात, त्या खिळ्यांमधून तारा फिरवायच्या आणि बांधायच्या. एका विमानाच्या संचात आमच्या वाट्याला अशा कितीतरी जुड्या. हे काम यंत्राने होतं असं लोक सांगतात. मी तर बोटांनीच होताना पाहिलं आहे.

आणि बोटं आमच्याकडे होती. मुदलाळींनी बावीस बायका घेतल्या, त्यांतल्या निम्म्या देवळासमोर बसून मोगऱ्याचे गजरे गुंफणाऱ्या. त्यांच्यात सेल्वी म्हणून एक होती. चाळिशीची, सडपातळ, कपाळावर विभूती, बोलणं थोडं आणि तिखट. तिची बोटं चालायला लागली की मला गाठ दिसायची नाही, गाठ झालेली दिसायची. देवळासमोरची आपली बसायची जागा नणंदेला देऊन ती आमच्याकडे आली होती. अशी जागा एकदा दिली की परत मिळत नाही, हे तिने मला पहिल्याच दिवशी ऐकवलं. "म्हणून हे काम टिकलं पाहिजे, सार."

पहिले तीन संच गेले आणि आठवड्याने मोठ्या कंपनीतून फोन आला. जुड्या पंखात बसतात, पण झाकण बंद होत नाही. प्रत्येक टोकाला तार दोन बोटं जास्त आहे. ती जास्तीची तार आत लोंबते, पत्र्याच्या कडेला घासते, आणि आकाशात तार घासली तर काय होतं ते मला सांगायची गरज नव्हती. सगळ्या कागदांवर एक नंबरचा शिक्का होता. म्हणजे माझा.

मी शेडमध्ये गेलो, फळ्यावरच्या जुडीला पट्टी लावली. चित्रातल्या रेघेच्या पुढे बरोबर दोन बोटं तार. सगळीकडे. मी ओरडलो, "हे कुणी केलं?" बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सेल्वी पुढे आली आणि शांतपणे म्हणाली, "कोसुरू आहे, सार."

तमिळ मुलखात फूल हाताने मोजून विकतात. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात. तेवढा गजरा मोजला की फूलवाली वर दोन बोटं आणखी सोडते आणि मग तोडते. त्या वरच्याला कोसुरू म्हणतात. भाजीवाला कढीलिंब देतो तसं, न मागता दिलेलं. जी फूलवाली कोसुरू देत नाही तिच्याकडे दुसऱ्यांदा कुणी जात नाही.

"देवाला द्यायच्या माळेत आम्ही माप तोडत नाही," सेल्वी म्हणाली. "हे तर देशाचं विमान. त्याला नेमकं मापून देणं बरं दिसतं का?"

मी खुर्चीवर बसलो. मला राग यायला हवा होता, आणि तो आलाही, पण स्वतःचा. चौतीस वर्षं मी कमी देणाऱ्यांना पकडलं. पत्रा पातळ देणारे, स्क्रू चार आटे कमी देणारे, रंगाचा एक हात खाणारे, सगळ्यांची मला नावानिशी ओळख. माप रेघेपेक्षा कमी नाही ना, एवढंच बघायची माझ्या डोळ्याला सवय लागली होती. जास्त देणारा माणूस पकडायचं मी शिकलोच नव्हतो, कारण तो भेटलाच नव्हता.

त्यानंतर एक महिना मी सगळ्यांच्या डोक्याशी बसलो. "विमानाला कोसुरू नको. रेघेवर म्हणजे रेघेवर. जास्त देणं हीसुद्धा चूक आहे, कमी देण्याएवढीच." हे मी इतक्या वेळा म्हटलं की बायका माझी नक्कल करायला लागल्या. मी दारातून आत आलो की कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणायचं, "कोसुरू नको." सेल्वी हसायची नाही. तिने एक जुनी चोळीची फीत घेऊन प्रत्येक खिळ्याजवळ तांबडी खूण बांधली, आणि त्या दिवसापासून शेडमधून एकही तार रेघेपुढे गेली नाही.

आता विमान बाहेर विकण्याबद्दल दोन शब्द, कारण पंगतीतला माणूस तेही विचारतो. परदेशी गिऱ्हाईक येतं. विमान बघतं, त्यांचा पायलट उडवून बघतो, खाली उतरून हसतो. इथपर्यंत सगळं छान. मग गिऱ्हाईक विचारतं, "पहिलं कधी द्याल, आणि वर्षाला किती द्याल?" इथे आपली माणसं चहा मागवतात. आपल्या हवाई दलाची रांग आधी. इंजिन परदेशातून येतं, ते त्यांच्या सवडीने. आणि बाकीची हजारो बारीक कामं आमच्यासारख्या शेडमधून येतात. हजार पानांची पंगत आहे, भात झाला, सांबार झालं, पायसम झालं, आणि केळीची पानंच आली नाहीत, तर सगळे उभे. विमानाच्या पंगतीत आम्ही पानवाले होतो. आमच्याकडून महिन्याला चार संच निघायचे. तार वेळेवर आली तर कधी पाच, नाही आली तर तीन.

तीन वर्षांपूर्वी, नवरात्राच्या आठ दिवस आधी, मोठ्या कंपनीच्या मॅनेजर साहेबांचा फोन आला. समुद्रापलीकडच्या एका देशाला विमान हवं आहे, त्यांची माणसं फक्त मोठा कारखाना बघून समाधानी नाहीत, लहान शेडही बघणार. त्यांच्या तक्त्यात आमच्या नावापुढे महिन्याला बारा संच लिहिलेले आहेत. "बारा दाखवता येत नसतील तर आताच सांगा," साहेब म्हणाले. "उत्तरेत एक कारखाना तयार आहे, काम तिकडे हलवतो." मुदलाळी म्हणाले, "येऊ द्या सार, आनंदाने येऊ द्या." कोणत्या दिवशी, हे फोन ठेवल्यावर त्यांनी कॅलेंडरात बघितलं. सरस्वतीपूजेचा दिवस. आयुधपूजा.

महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला हवं. तुमच्याकडे दसऱ्याला शस्त्रं पुजतात आणि लगेच जेवायला बसतात. आमच्याकडे आदल्या दिवशी सगळी हत्यारं, वह्या, पुस्तकं सरस्वतीपुढे मांडायची, चंदन-कुंकू लावायचं, आणि मग दुसऱ्या दिवशी विजयादशमीची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. रिक्षावाला रिक्षा काढत नाही, न्हावी कात्री उचलत नाही. विद्यार्थ्यांची तर चैनच.

"तारीख बदलून मागा," मी म्हटलं.

"पाहुण्याला येऊ नका कसं म्हणायचं, सार?" मुदलाळी म्हणाले.

"मग पूजा बदला."

ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी विषय सोडला. शेडची पूजा त्यांची आई करायची. सगळे तिला पाट्टी म्हणायचे, म्हणजे आजी. पंच्याऐंशी वर्षांची, अंगाने मूठभर, आणि मुदलाळी तिला माझ्या देखत "हो अम्मा" याशिवाय काही बोललेले मी ऐकले नाहीत.

पाहुणे आले. तीन सूटवाले आणि एक वाळकासा म्हातारा, साध्या सदऱ्यात, खिशाला तीन पेनं. मी बघताच ओळखलं, हा आपल्या जातीचा, तपासनीस. शेडच्या दाराला केळीचे खांब, आत बायका रेशमी साड्यांत, दंडावर हळद लागलेली, प्रत्येक यंत्राला चंदनाची तीन बोटं. सूटवाल्यांना वाटलं हा सगळा थाट त्यांच्यासाठी. त्यांनी हात जोडले, कुंकू लावून घेतलं, कागदाच्या पुड्यातले चुरमुरे आणि गूळ आवडीने खाल्ला. एकाने फोटो काढला. मॅनेजर साहेब घामाघूम होऊन विचारत होते, "काम कधी सुरू होणार?"

म्हाताऱ्याने फळ्याकडे बोट दाखवलं. कात्री हवी, तारांच्या टोकांना पिना दाबायची पक्कड हवी. दोन्ही पाट्टीपुढे, फुलांखाली. मुदलाळींनी आईच्या कानात काहीतरी सांगितलं. पाट्टी म्हणाली, "उद्या." त्यांनी पुन्हा सांगितलं. पाट्टीने डोळे मिटले.

मग म्हाताऱ्याने वहीतून एक कागद काढला. आमच्या शेडचं नाव, पुढे महिन्याचे संच, आकडा छापलेला, बारा. मुदलाळींना विचारलं, "हा बरोबर आहे?" मुदलाळी हसून म्हणाले, "बारा. हवे तर चौदा." म्हातारा म्हणाला, ठीक, मग तुमच्या तपासनीसाचा इथे शिक्का हवा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पाट्टीकडे बघितलं. माझा शिक्का पितळी ताटात, वर झेंडूचं फूल, कपाळाला कुंकू. तीस-पस्तीस वर्षांत मी दर आयुधपूजेला शिक्का पूजेत ठेवलेला आहे, आणि त्याबद्दल सरस्वतीचे मी इतके आभार कधी मानले नव्हते. "उद्या सकाळी," मी म्हटलं. पाट्टीने डोळे उघडून माझ्याकडे प्रेमाने बघितलं.

पाहुण्यांना मोठं देऊळ दाखवायला पाठवलं. संध्याकाळी मुदलाळी माझ्या घरी आले. आमच्याकडे नवरात्रातला कोलू, म्हणजे बाहुल्यांच्या पायऱ्या मांडलेल्या असतात. मी निवृत्त झाल्यापासून पद्मावती सगळ्यांत खालच्या पायरीवर एक पत्र्याचं खेळण्यातलं विमान ठेवते आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगते, "आमच्या घरचें." मुदलाळी त्या विमानासमोर मांडी घालून बसले. शुंडलाची, म्हणजे प्रसादाच्या उसळीची, वाटी हातात धरून ठेवली, खाल्लं नाही.

"सार, सगळेच असं सांगतात. आधी आकडा द्यायचा, मग माणसं घ्यायची. बारा म्हणा."

"होतात चार."

"चार म्हटलं तर उद्या शेडला कुलूप. बावीस बायका कुठे जातील? सेल्वीची तर देवळापुढची जागाही गेली."

हे त्यांनी बोलायला नको होतं. मी पद्मावतीकडे बघितलं, मला वाटलं ती माझी बाजू घेईल. ती टंबळरात कॉफी ओतत म्हणाली, "बावीस घरें आहेत हो. एक आकडा तो काय, लिहून द्या."

आता एक गोष्ट कबूल करतो, जी मी पंगतीत सांगत नाही. मोठ्या कारखान्यात असताना एका मार्चअखेर आमच्या विभागाचा आकडा एकाने कमी पडत होता. एक विमान उभं होतं, आसनामागची एक जुडी यायची होती, त्यावरचं झाकण यायचं होतं. साहेब म्हणाले, कागदावर पूर्ण करा, चार दिवसांत बसवू. मी शिक्का मारला. आकडा पूर्ण झाला, पेढे वाटले. चार दिवसांचे चार महिने झाले. मधेच एक तरुण पायलट विमान न्यायला आला. त्याने झाकणाच्या जागेचं भोक बघितलं, कागद बघितला, आणि विचारलं, "हा दोनशे एकोणीस कोण?" मी हात खिशात घातले आणि दुसरीकडे बघितलं. तो बॅग खांद्याला लावून एस.टी.ने परत गेला. कुणाला काही झालं नाही, विमान उडालंच नव्हतं. पण लढाऊ विमान न्यायला आलेला माणूस एस.टी.त बसतानाची त्याची पाठ मला अजून दिसते, आणि मला लाज वाटते.

एवढं असूनही, खरं सांगतो, सकाळी मी बारावर शिक्का मारायचं ठरवूनच शेडला गेलो. वाटेत मी स्वतःला समजावत होतो की हा आकडा आहे, झाकण नाही. आकड्याने तार घासत नाही.

विजयादशमीची पूजा झाली. पाट्टीने एकेक हत्यार उचलून ज्याचं त्याच्या हातात दिलं. त्या दिवशी हत्याराचं पहिलं काम करायचं ते वर्षभराचं असतं असं आमच्याकडे मानतात. मुलांना पहिलं अक्षरही याच दिवशी गिरवायला लावतात. सेल्वीला कात्री मिळाली. मला शिक्का मिळाला, त्याच्या कडेला चंदन वाळलेलं. मी तो धोतराच्या सोग्याला पुसला. म्हाताऱ्याने कागद टेबलावर ठेवला. मुदलाळी, मॅनेजर साहेब, सूटवाले, सगळे गोल करून उभे. मी शाईचं पॅड उघडलं.

सेल्वी माझ्या खांद्यामागे येऊन उभी राहिली. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण आकडे येत होते. "सार, हे बारा कसले?"

"आपले. महिन्याचे संच."

तिने आकड्यावर बोट टेकवलं. मग तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "म्हणजे आठ कोसुरू घातलात?"

मागे कुणीतरी फसकन हसलं, आणि मग बाकीच्या सगळ्या जणी हसायला लागल्या. कुणीतरी माझ्या घोगऱ्या आवाजात म्हणालं, "कोसुरू नको." मुदलाळींच्या चेहऱ्याचा रंग उतरला. सूटवालेही कारण न कळता हसले. मी हसलो नाही. मी हळू आवाजात तिला म्हटलं, "सेल्वी, चार लिहिलं तर काम जाईल. तुझंही."

"बारा लिहून काम टिकलं तर बांधणार कोण, सार? बोटं आमची आहेत. तुम्ही आम्हाला घाई कराल, गाठी सैल होतील, आणि मग कात्री घेऊन आमच्याच डोक्याशी बसाल." कात्री तिच्या हातात होती. ती तिने टेबलावर ठेवली. "चार बांधते. चार लिहा."

मी बारावर आडवी रेघ मारली, शेजारी चार लिहिलं, आणि शिक्का मारला. वर्षाचं पहिलं काम. कडेला थोडं चंदन उरलं होतं म्हणून गोल जरा फुटला, पण नंबर वाचता येत होता.

म्हाताऱ्याने कागद उचलून बराच वेळ बघितला आणि घडी घालून वहीत ठेवला. पहिलं आणि शेवटचं वाक्य तो माझ्याशी बोलला: "मी कालच फळ्यावरचे खिळे मोजले होते, हिशेब चारचाच येत होता." मॅनेजर साहेब प्रसादाचा गोड भात, सक्करै पोंगल, न खाता गाडीत बसले. मुदलाळी अकरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काही सांगायचं असलं तर पाट्टीला सांगायचे आणि पाट्टी मला सांगायची, आणि ती अर्धं विसरायची, म्हणून त्या अकरा दिवसांत शेडचं काम बरंच सुरळीत झालं.

सेल्वी एकदा नणंदेकडे जाऊन आली. देवळापुढच्या जागेबद्दल विचारायला. जागा मिळाली नाही. तिने मला हे सांगितलं नाही, दुसऱ्या एकीने सांगितलं. ते दिवस मला वाईट गेले. खरं बोलणारा माणूस निवृत्तिवेतनावर जगतो आणि त्याच्या खरेपणाची किंमत दुसरी बाई भरते, असं मला वाटत राहिलं.

बाराव्या दिवशी मॅनेजर साहेब आले. पाहुण्यांच्या अहवालात आमच्या शेडच्या नावाभोवती तांबडं वर्तुळ होतं. संपूर्ण विमानात सगळ्यांत हळू आम्ही. मला वाटलं, संपलं. पण काम उत्तरेत हलवायचं तर नवी जागा, नवे तपासनीस, नव्या चाचण्या, नवे शिक्के, आणि त्या सगळ्याच्या मंजुरीला दीड वर्ष. साहेबांनी तो हिशेब केला होता. आणि वर्तुळ तांबडं होतं, वरच्यांनी पाहिलं होतं, आता काहीतरी केल्याचं दाखवणं भाग होतं. ते वैतागून म्हणाले, "आणखी दोन फळे पाठवतो. तार वेळेवर पाठवतो. माणसं वाढवा." म्हणजे आम्ही प्रामाणिकपणामुळे वाचलो असं कुणी समजू नये. आम्ही कागदपत्रांच्या कंटाळ्यामुळे वाचलो. मुदलाळींनी त्याच दिवशी माझ्याशी बोलायला सुरुवात केली आणि अकरा दिवसांचं सगळं एकदम बोलले.

त्या देशाने विमान घेतलं का? पद्मावती अजून विचारते, "विकलें की नाही?" बोलणी चालू आहेत. मधे तिकडचं सरकार बदललं, मग आपल्याकडून पुन्हा शिष्टमंडळ गेलं, मग इंजिनाचं काहीतरी निघालं. माझ्या अंदाजाने म्हातारा आता माझ्यासारखा घरी बसला असेल. पण आपल्याच हवाई दलाची रांग एवढी लांब आहे की आमच्या जुड्या पडून राहत नाहीत. नव्या फळ्यांवर हळूहळू महिन्याला सहा झाले, मग सात. सात म्हणजे सात. आठ कधी झाले नव्हते.

माझी नजर कमी झाली तेव्हा मी मुदलाळींना सांगितलं, आता सेल्वीला शिक्का द्या. मोठ्या कंपनीने परीक्षा घेतली, तमिळमध्ये, तोंडी. पहिल्यांदा ती नापास झाली, कारण परीक्षकाच्या पट्टीत चूक आहे असं तिने त्यालाच सांगितलं, आणि ते त्याला आवडलं नाही. दुसऱ्यांदा पास झाली. तिचा नंबर दोन. या वर्षी आयुधपूजेच्या आदल्या दिवशी माझा कामाचा शेवटचा दिवस होता. त्या महिन्यात सात संच झाले होते आणि आठवा फळ्यावर होता. संध्याकाळपर्यंत पूर्ण झाला तर पहिल्यांदाच आठ. मुदलाळी दर अर्ध्या तासाने येऊन बघत होते. पाट्टीने पूजेचं ताट घासून ठेवलं होतं.

चौतीस वर्षं आणि वर ही काही वर्षं मी दुसऱ्यांच्या गाठी बघितल्या. स्वतः एकही मारली नव्हती. चार वाजता बायका चहाला गेल्या तेव्हा मी मेणाचा दोरा उचलला आणि शेवटच्या जुडीची शेवटची गाठ मारली. बोटं ऐकत नव्हती, दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. छान दिसत होती. तिच्यावर मी प्रेमाने आणखी एक वेढा दिला.

सेल्वी आली, चष्मा लावला, आणि एका टोकापासून तपासायला लागली. मी खिडकीशी उभा राहून कालव्याकडे बघत असल्याचं दाखवत होतो. ती शेवटच्या गाठीपाशी थांबली.

"ही कुणी मारली?"

माझे हात आपोआप खिशात गेले होते. मग ते मी बाहेर काढले. "मी."

तिने कात्री घेतली आणि गाठ कापली. "एक वेढा जास्त आहे, सार," ती म्हणाली. कापलेला दोरा तिने माझ्या तळहातावर ठेवला आणि जुडी बाजूला काढून त्यावर लाल चिठ्ठी लावली, कारण कापताना खालच्या तारेला कात्री लागली असेल तर ती पुन्हा पहिल्यापासून तपासावी लागते, आणि तो नियम तिला मीच शिकवला होता. मग तिने शिक्का पाट्टीच्या ताटात नेऊन ठेवला. दिवस संपला होता.

घरी गेलो तर पद्मावती कोलूच्या पायऱ्यांवर निरांजन लावत होती. "आज किती जाहले?" तिने विचारलं.

"सात," मी म्हटलं, आणि दोऱ्याचा तुकडा पत्र्याच्या विमानाजवळ ठेवला. "आठवा माझ्यामुळे राहिला."